डाव्या वळणाचा आवाज

ताईची गाडी म्हणजे चाकांवरचं घर. मागच्या सीटवर भाचीची रंगपेटी, फटींत बिस्किटांचा चुरा, पुढे आईची उशी. गाडी उंच आहे, आईला चढायला स्टूल लागतं. पण एकदा बसली की ती उतरायचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आई आणि भाचीला घेऊन घाटापलीकडच्या नव्या घरी राहायला निघणार होती. आणि गाडी डावीकडे वळताना कुरकुरत होती.

हे तिनं मला आधीही सांगितलं होतं. मी गाडीतून एक चक्कर मारली होती आणि काही नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं. आवाज म्हटला की त्याला कारण असतं, कारण सापडलं की तो जातो. एवढ्यावर माझं गॅरेज उभं आहे. मला तो ऐकू आला नाही म्हणजे तो नव्हताच. म्हणून ती आईला घेऊन पुन्हा आली तेव्हा मी म्हटलं, या खेपेला साक्षीदार आणलास वाटतं. ती हसली नाही.

"उद्या घाट आहे, धाकट्या," ती म्हणाली.

मग मात्र मी नीट हात घातला. स्टिअरिंगचं तेल पुरेसं होतं. इंजिनचा पट्टा घट्ट होता. ताई आत बसून स्टिअरिंग फिरवत होती, जड आहे जड आहे म्हणून कुरकुरत होती, आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून शॉकअपच्या वरच्या बेअरिंगवर हात ठेवून होतो. तिथे सगळं गप्प होतं. आता खालचे सांधे राहिले.

त्यासाठी माझी एक पद्धत आहे. इंजिन बंद ठेवायचं, चाकं जमिनीवरच, एकानं आत बसून स्टिअरिंग फिरवायचं आणि मी गाडीखाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. आवाज पत्र्यातून भलतीकडेच निघतो आणि कानाला फसवतो. बोटाला फसवता येत नाही.

मी खाली सरकलो आणि डावीकडे घे म्हणून सांगितलं. चाक डावीकडे वळलं. उजवीकडे म्हटलं, उजवीकडे आलं. वरून तक्रारीचा एक शब्द नाही. ताई रुसली, दुसरं काय. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही सांधे ठणठणीत निघाले. मी हात बाहेर काढणार, तेवढ्यात चाक पुन्हा डावीकडे वळलं.

मी काही सांगितलं नव्हतं.

अर्ध्या वळणावर ते थांबलं. तिथल्या तिथे जरासं मागे, जरासं पुढे, पुन्हा मागे. आणि मला आवाज ऐकू आला. कोरडा, दाताखाली खडा यावा तसा. मी घाईनं खालच्या बॉल जॉइंटवर बोट ठेवलं, म्हणजे चाक ज्याच्यावर तोलून असतं त्या गोळीवर. रबर मागून फाटलं होतं. आत ग्रीसचा पत्ता नाही, नुसता गंज. बोटाखाली गोळी खोबणीतून निसटू पाहत होती. घाटातल्या पहिल्या वळणावरच चाक आडवं पडलं असतं.

"ताई, बस. सापडलं," मी ओरडलो.

चाक थांबलं.

मी बाहेर आलो. आत कोणी नव्हतं. ताई मागच्या बाजूनं, बाथरूमकडून आईचा हात धरून सावकाश येत होती.

"किती वेळ झाला जाऊन?" मी विचारलं.

"तू बॉनेटमध्ये होतास तेव्हाच गेले. सांगून गेले की. आईला पायरी उतरायलाच वेळ लागतो." किल्ली तिच्या मुठीत होती.

मी दार उघडून स्टिअरिंग धरलं. किल्ली काढली की ते अडकतं, तसं कुलूपबंद होतं. दोन्ही हातांनी जोर लावला, तसूभर हललं नाही.

तिला मी यातलं काही बोललो नाही. बोलून काय सांगणार होतो? नवा सांधा बसवला. जुना काढताना गोळी माझ्या तळहातावर सुटून पडली, ती मात्र दाखवली. ताईनं ती उलटसुलट करून पाहिली. मग तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हातानं मला जवळ घेतलं. कसं का होईना, सापडलं होतं. त्या रात्री मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज मोकळा, हसरा. मागे भाची गाणं म्हणत होती. मी खुर्चीत पाय पसरले.

"काय जादू केलीस रे? काल स्टिअरिंग एवढं जड होतं, आज लोण्यासारखं चालतंय. उगाच रात्रभर घाबरले मी."

"घाट उतरलात ना?"

"उतरतोय की. निम्मा राहिलाय."

मी पाय खाली घेतले. "गाडी बाजूला घेतली आहेस ना?"

"कशाला? छान चाललीय. थांब हं, आईला पाणी देते, तिच्यानं झाकण उघडत नाही."

बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, म्हणजे ताईचे दोन्ही हात बाटलीवर होते; इंजिनचा आवाज मात्र तसाच चालू होता. मग आईचे घोट. मग इंडिकेटरची टिकटिक सुरू झाली, एक वळण संपावं इतका वेळ चालली, आणि बंद झाली.