वाकळेचा उघडा कोपरा

"मॅडम, तुमचा वाघ आमच्या घरी आलाय."

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात खरंच वाघ होता. माझ्या ब्लँकेटवरचा. पिवळाधम्मक, जबडा उघडलेला, होस्टेलच्या दिवसांपासून माझ्यामागं फिरणारा. घरातल्या ज्या एकाच वस्तूची मला लाज वाटायची, ती नेमकी त्यानं छातीशी धरली होती. त्यात तो दिसायला बरा. म्हणजे... चांगलाच बरा.

"आणि आमची वाकळ बहुतेक तुमच्याकडं आहे," तो म्हणाला.

होती ना. माझ्या भिंतीवर टांगलेली होती.

मी अक्षरा. तुळजापूरच्या मास्तरांची लेक, आणि माकणीच्या गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर. आदल्या दिवशी गावानं दसऱ्याचं धुणं काढलं होतं. घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय राहत नाही, त्यामुळं सगळं गाव अंथरुणं-पांघरुणं घेऊन धरणाच्या पाण्यावर जातं. माझ्या घरमालकीण लक्ष्मीबाईंनी मलाही ओढून नेलं. खडकांवर, बाभळींवर वाकळा वाळत पडल्या होत्या, आणि दुपारी परतीचा पाऊस असा काही कोसळला की जो तो हाताला लागेल ते गोळा करून पळाला. घरी येऊन गाठोडं सोडलं तर वाघ गायब. त्याच्या जागी ही वाकळ.

काय सांगू तिच्याबद्दल! मधे इरकलीचा जांभळा चौक, भोवती खणांचे तुकडे, जुन्या धोतराचे, कुठं छिटाचे. हातानं घातलेला धावदोरा अगदी सरळ नव्हता. जरासा डुलत, रमतगमत गेलेला. दुकानातली कुठलीही चादर इतकी जिवंत नसते. मी ती रात्रभरासाठी म्हणून भिंतीवर लावली आणि सकाळी काढायला विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, काढवेना.

"आत येऊन बघा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो आत आला आणि उंबऱ्यापाशीच थांबला. त्याचं नाव व्यंकट. घरात मेंढरं, हा मात्र धरणाच्या ऑफिसात क्लार्क. त्यानं वाकळ बघितलीच नाही आधी. तो घर बघत राहिला. मातीच्या सपाट छताच्या, माळवदाच्या त्या दोन खोल्यांत मी वर्षभर जीव ओतला होता. लोहाऱ्याच्या बाजारात मोडीत निघालेलं पितळी घंगाळ आणून त्यात मनीप्लांट लावला होता. भिंतीत जेवायचे जुने पाट ठोकून पुस्तकं मांडली होती. शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर फळी टाकून टेबल केलं होतं. आईच्या साडीचे पडदे, शिंक्यात टांगलेली चिनी मातीची बरणी, कोनाड्यात कंदील. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "मॅडम, हे भंगार कशाला?"

तो म्हणाला, "इथं बसलं तर उठावं वाटणार नाही कुणाला."

मी वर्षभर कुणीतरी एवढंच म्हणावं म्हणून थांबले होते. पण ते मला तेव्हाच कळलं.

"तो खाकी तुकडा दिसतो का?" त्यानं वाकळेकडं बोट केलं. "माझी शाळेची चड्डी आहे ती."

"अय्या... मग काढूनच ठेवायला हवी."

"राहू द्या की. चांगल्या घरात आहे." तो हसला. हसताना एका गालावर खळी, तीही अर्धीच. "अव्वाला वाटतंय वाकळ पेटीत आहे." अव्वा म्हणजे त्याची आई. "तिनं विचारीपर्यंत राहू द्या. मी येऊन बघून जात जाईन."

"वाकळेला?"

"तर दुसऱ्या कुणाला?" तो म्हणाला, आणि वाघ माझ्या हातात देऊन निघून गेला.

घट बसले, आणि तो रोज येऊ लागला. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त. एकदा पीठ मळायची लाकडी काथवट घेऊन आला, "घरात पडूनच होती, तुम्ही काहीतरी कराल तिचं." मी तिच्यात पाणी घालून झेंडूची फुलं सोडली तर बराच वेळ तो फुलांकडं बघत राहिला. एकदा मेंढरांच्या गळ्यातल्या जुन्या पितळी घंटा घेऊन आला. त्या कुठं बांधायच्या यावर आमचा वाद झाला. मी म्हणे खिडकीत, तो म्हणे दारात.

"दारात कशाला?"

"कुणी आलं की कळंल."

"इथं येतंय कोण तुमच्याशिवाय?"

त्यानं घंटा दारातच बांधल्या. स्टुलावर चढून, दोरीच्या गाठी मारत. मी खालून एकेक घंटा हातात देत होते. एक घंटा देताना बोटाला बोट लागलं... आणि दोघंही त्या घंटेकडं असे बघायला लागलो जणू ती आम्ही पहिल्यांदाच पाहतोय.

आता माझी चूक सांगायला हवी. त्या वाकळेचा खालचा एक कोपरा उघडा होता. बाकी सगळीकडं टाका घट्ट, आणि तिथं मात्र आतले जुन्या लुगड्याचे थर दिसत होते. मला वाटलं, धुण्यात उसवलं. जुनी वस्तू उसवलेली दिसली की माझे हात शिवशिवतात. गाई-म्हशींच्या पोटांना टाके घालणारी बाई मी, एक कोपरा काय चीज! सुई-दोरा घेतला, सुरेख टाके घालून मिटवला, आणि स्वतःवरच खूश झाले. व्यंकटला सांगितलं नाही. तो स्वतः बघेल आणि वाखाणेल, असं वाटत होतं. पण कोपरा भिंतीला लागून ठेवलेल्या माझ्या लाकडी पेटीमागं गेला होता, त्यामुळं कैक दिवस त्याला दिसलाच नाही.

अष्टमीला त्यानं ती पेटी सरकवली. आणि तिथंच उकिडवा बसून राहिला.

"हे... तुम्ही शिवलं?"

"उसवलं होतं. कसे आहेत टाके?"

"चांगलेत." त्यानं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कान लाल झाले होते. "लईच चांगलेत." मग उठला, चहा ठेवला होता तो तसाच सोडून दाराशी गेला. "दसऱ्याला वाकळ लागंल घरी," एवढंच म्हणाला. त्याच्यामागं घंटा वाजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी दुपारी लक्ष्मीबाईंना बोलावून कोपरा दाखवला, तशी त्यांनी कपाळाला हात लावला.

"पोरी, हे काय केलंस? त्यांच्या घरची रीत हाय ती. सासू वाकळ शिवती अन् एक कोपरा उघडा ठिवती. येणारी सून त्यात भाकरीचा घास घालती अन् मग कोपरा मिटवती. त्या घरात कुणी उपाशी निजू न्हाय म्हणून. रुद्रम्मानं, व्यंकटच्या आईनं, ती त्याच्या लग्नासाठी शिवली व्हती."

"मग... आता?"

"आता काय? दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी बेंबळीचे पाव्हणे येणार हायेत. पोरगी सांगून आलीय. टाके उसव अन् गुमान देऊन टाक."

त्या गेल्या. मी कातर घेऊन वाकळेसमोर बसले. टाके काढणं तर माझं रोजचं काम. जखम भरली की टाके काढायचे, त्यात जीव अडकवायचा नसतो. पण इथं जखम भरली कुठं होती, ती तर आत्ताच झाली होती. बेंबळीची ती मुलगी या कोपऱ्यापाशी बसेल, घास ठेवेल, टाका घालेल... आणि तो तिच्या शेजारी बसून अर्ध्या खळीचं हसेल. मला कळलं, मला ही वाकळ नको होती. म्हणजे हवीच होती, पण तिच्याबरोबर तो माणूस हवा होता. माझं घर मी एकेक वस्तू जोडून उभं केलं आणि त्यात कमी काय होतं ते मला कातर हातात घेतल्यावर समजलं. कातर मी जागच्या जागी ठेवून दिली.

दसऱ्याच्या सकाळी वाकळेची घडी केली आणि काही न खाता-पिता त्यांच्या घरी गेले. दाराला झेंडूचं तोरण होतं. रुद्रम्मा चुलीपुढं बसल्या होत्या, एका बाजूला पुरण, एका बाजूला भाकरी. व्यंकट अंगणात आपट्याची पानं निवडत होता. मला पाहून त्याच्या हातातली पानं खाली पडली.

"मावशी," मी वाकळ पुढं केली, "चूक झाली माझ्या हातून. मला रीत माहीत नव्हती. मी कोपरा शिवून टाकला. उसवून आणणार होते..."

"मग उसवला का न्हाईस? कातर बोथट हाय व्हय?"

"कातर चांगली आहे." आता परत फिरणं नव्हतं. "हा टाका दुसऱ्या कुणी घालावा असं मला वाटत नाही, म्हणून उसवला नाही. उद्या पाहुणे येणार आहेत, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल तर इथं बसून उसवते. पण मनात काय आहे ते सांगितल्याशिवाय मला उसवता येणार नाही."

रुद्रम्मांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कोपरा उजेडाला धरला.

"हे टाके म्या वळखते," त्या म्हणाल्या. "आमच्या मेंढीच्या पोटाला असेच घातले व्हतेस तू. ती अजून ठणठणीत हाय." मग लेकाकडं वळल्या. "सांग की तिला. का तोंड शिवलंय तुझं?"

"मी काल बेंबळीला फोन केला," व्यंकट म्हणाला. "येऊ नका म्हणून सांगितलं."

"मला न विचारता?" मी म्हटलं.

"विचारायलाच येत होतो रोज. तुम्ही दरवेळी म्हणायचात, ही घंटा कुठं बांधायची."

"मग कोपरा बघून पळून का गेलात?"

"भ्यालो. मला जे मागायचं होतं ते मी न मागताच तुम्ही करून बसला होतात. आणि तुम्हाला ते माहीतच नव्हतं."

रुद्रम्मांनी कातर काढून माझ्यापुढं ठेवली.

"उसव आता," त्या म्हणाल्या. "घास घातलास का आत? न्हाय ना. उपाशी वाकळ शिवलीस तू. उसव, घास घाल अन् नीट शीव. तुझ्या बापाला भेटाय म्या येते तुळजापूरला. मास्तर माणूस हाय, ऐकंल. न्हाय ऐकलं तर परत जाईन."

मी उसवायला लागले. व्यंकटनं पुरणपोळीकडं हात नेला तशी रुद्रम्मांनी त्याच्या हातावर चापट मारली. "त्यो नको. मुंग्या लागतेल. भाकरीचा घे."

तो ताटात भाकरी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या तळहातावर ठेवला. मी तो उघड्या कोपऱ्यातून आत, जुन्या लुगड्याच्या थरांमधे सरकवला आणि टाका घातला. या वेळी टाके अगदी वाकडेतिकडे आले. रुद्रम्मा म्हणाल्या, आता खरी वाकळ दिसतीय.

"आणि वाघाचं काय करायचं?" व्यंकटनं हळूच विचारलं.

"भिंतीवर लावू. वाकळ आता पांघरायला लागेल." बोलून गेले आणि मान खाली घातली.

त्यानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मला वाटलं, दुसऱ्या कोपऱ्यासाठी.

"हा तुमच्यासाठी," तो म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नसंल तुम्ही."

खरंच खाल्लं नव्हतं.