पांढरी काजळी

“मेलेला घोडा म्हातारा होत जातो का हो?”

दारात उभ्या असलेल्या बाईंचा पहिलाच प्रश्न ऐकून भाच्याच्या हातातला चहा बशीत सांडला. खासगी गुप्तहेर म्हणून आयुष्य काढलेल्या मामांची मात्र भुवईही हलली नाही.

“आधी बसा. पाय दुखतोय तुमचा.”

बाई लंगडत येऊन बसल्या. “माझे बाबा घोडेस्वारीची शाळा चालवायचे. आता तिथं एकही घोडा नाही. पण हल्ली तिन्हीसांजेला बाबांना रिंगणात काजळी दिसते. आमची घोडी. मी लहान असताना तिनं मला पाडलं, तेव्हापासून हा पाय असा, आणि बाबांनी तिला गोळी घालायला लावली. दादा म्हणतो, बाबांना भ्रम झालाय. उद्या सकाळी तो त्यांना वृद्धाश्रमात नेणार आहे. मी कामावरून येते तेव्हा रिंगण रिकामं असतं, मग मी तरी काय सांगू? पण तिथं बाबा जगायचे नाहीत, एवढं मला कळतं.”

दुपारी दोघे शाळेत पोहोचले. तबेल्याची दारं सताड उघडी होती. आत कुणीच नव्हतं, तरी नुकतंच कुणीतरी श्वास सोडून गेल्यासारखी हवा उबदार होती. भाच्याला उगीचच हळू बोलावंसं वाटलं.

आवारातल्या घरात, दिवाणखान्यात एक फोटो होता. काळ्याभोर घोडीवर एक हसरी मुलगी बसली होती. घोडीच्या कपाळावर आणि मागच्या पुठ्ठ्यावर पीठ भुरभुरावं तसे बारीक पांढरे ठिपके दिसत होते.

“बुरशी चढलीय फोटोवर,” भाचा म्हणाला.

मामांनी रुमालाने काच पुसली, फोटो खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरला, आणि परत टांगला.

दादा घाईत होता. दाराशी बाबांची बॅग भरून तयार होती. “अहो, काजळी कोळशासारखी काळी होती. बाबा म्हणतात, ती पांढरी होऊन येते. आणखी काय पुरावा हवा?”

“तुम्हाला घोड्यांतलं कळतं?”

“माझं फरशांचं दुकान आहे. घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं, एवढं कळतं.”

बाबा खिडकीशी बसले होते. “गोळीचा आवाज मी इथंच ऐकला,” ते म्हणाले. “म्हातारी झाली होती ती. अडखळली. म्हातारीच होती. घोडा म्हातारा झाला की दुसरं काय करणार?” त्यांचे डोळे रिंगणावरून हलत नव्हते. “आता येते तेव्हा पायांत नाल वाजत नाहीत. शुभ्र झालीय. तिकडे गेल्यावरही वय थांबलं नाही हो तिचं.”

भाच्याने आपली खुर्ची खिडकीपासून दूर सरकवली.

मागच्या खोलीत घोड्यांची निगा राखणारा जुना मोतद्दार राहायचा. दाराशी बादलीभर कोंडा भिजत होता.

“मी माझ्या हातानं गोळी झाडली साहेब. विहिरीमागं पुरली तिला.”

“आणि हा कोंडा?”

“कोंबड्यांना.”

“दिसत नाहीत त्या.”

“मांजरानं नेल्या.”

“अरेरे! सगळ्या?” भाचा मनापासून हळहळला. मामांना खोकला आला.

परतताना मामांनी रिंगणातल्या भुशातून एक ओलसर गोळा उचलला. चघळून टाकलेलं गवत होतं ते.

“हे काय, मामा?”

“कुणाला तरी गिळवलं नाही, भाचेबुवा.”

दिवस कलला तेव्हा मामांनी सगळ्यांना रिंगणाच्या कठड्याशी जमवलं.

“भ्रम असता, तर बाबांना काळी घोडी दिसली असती,” ते शांतपणे म्हणाले. “गेलेल्या माणसांना मन जसंच्या तसं जपतं, त्यांचं वय वाढू देत नाही. ही घोडी पांढरी होऊन आली, कारण ती जगली. काही घोडे काळे जन्मतात आणि वयाबरोबर पांढरे होतात. सुरुवात होते ती अशा बारीक ठिपक्यांनी. फोटोवर बुरशी नव्हती. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, मग तो गवत चघळून टाकून देतो, त्याला कोंडा भिजवून घालावा लागतो. कामातून सुटलेल्या घोड्याचे नाल काढतात. म्हणून आवाज नाही.” ते मोतद्दाराकडे वळले. “गोळी आभाळात झाडलीस ना?”

मोतद्दाराने बाबांपुढे हात जोडले. “बहिणीकडे ठेवली होती मालक. बहीण गेली, म्हणून इकडं आणली. पलीकडच्या पडक्या वीटभट्टीत बांधतो. संध्याकाळी सोडली की आपोआप रिंगणात येते. रोज वाटायचं, आज सांगावं. पण तुमचा हुकूम मोडला होता. जीभ रेटेना.”

“मामा,” भाचा अचानक म्हणाला, “पण फोटोत तर नुकते कुठे ठिपके आले होते. म्हणजे तेव्हा ती म्हातारी—”

मामांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा भाचा वेळेवर पोहोचला होता, आणि नेमकं तिथं पोहोचायला नको होतं.

भट्टीच्या बाजूने एक पांढरी आकृती बिनआवाज चालत आली. बाबा उठले. त्यांनी कठडा ओलांडला आणि तिच्या डोळ्यावर वयानं पडलेल्या खोल खळग्यात अलगद अंगठा ठेवला.

“आता झालीस गं म्हातारी,” ते पुटपुटले. मग लेकीच्या पायाकडे बघत म्हणाले, “तेव्हा नव्हती. राग आला होता मला.”

“ठाऊक होतं, बाबा,” ती म्हणाली. “तेव्हा तिचे दात बघून वय मीच सांगायचे.”

दादाने दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि परत आत नेली.