अभयचा अर्धा चेहरा

प्रज्ञेशला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो लपवण्याची त्याला कधी गरज वाटली नाही. ब्राउझरमध्येच चित्र काढता येईल अशी त्यांच्या कंपनीची वेबसाइट होती. नव्या आवृत्तीत कापऱ्या हाताची रेघ आपोआप सरळ होत होती, मधेच इंटरनेट गेलं तरी चित्र जपून राहत होतं, आणि सगळ्यांत लाडकी सोय म्हणजे आरसा. अर्धं चित्र काढा, उरलेलं अर्धं समोर आपोआप उमटतं. ती सोय त्याने एकट्याने लिहिली होती. तिच्यात चूक निघाली तर नाव बदलीन, असं तो ऑफिसात छातीठोकपणे सांगायचा.

या आरशाचं घरीही एक काम होतं. थोरला भाऊ अभय खडकीच्या क्वार्टर्समधून पाव आणायला गेला, तो परत आलाच नाही. प्रज्ञेश तेव्हा रांगत होता. वडील वाट पाहून पाहून गेले. आई, हिराबाई, मात्र अभयच्या पुण्यानुमोदनाचं नाव काढू द्यायची नाही. मेलेल्यांसाठी करतात ते, म्हणायची. यंदा तीच थकली आणि एकदाची हो म्हणाली. रविवारी वारज्याच्या फ्लॅटवर कार्यक्रम ठरला. घोडं अडलं ते फोटोपाशी. अभयचा फोटो एकच, शाळेचा, आणि त्यात पुढच्या मुलाच्या डोक्याने अर्धा चेहरा झाकलेला.

बुधवारी सकाळी प्रज्ञेशने दिसणारी बाजू मन लावून काढली. समोर दुसरी बाजू उमटत गेली. तिच्या भुवईवर एक तिरपी खूण होती. त्याने ती काढलेली नव्हती.

"बंबावर पडला होता," आई म्हणाली. "दोन टाके घातले होते."

प्रज्ञेशने आंब्याचं पान काढून पाहिलं, कमळ काढून पाहिलं. दोन्ही बाजू तंतोतंत. मग त्याने चित्र कंपनीतल्या चैतालीला पाठवलं. ती सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीत बसून त्यांच्या कामातल्या चुका काढायची, आणि तो तिचा आवडीचा धंदा होता. खूण तिलाही दिसत होती, कारण मात्र सापडेना.

"कोड तुझाच ना? मग त्यालाच विचार," म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या बाजूचे केस कानाजवळ पिकले होते. डोळ्याखाली सुरकुत्या, गालावर दाढीचे खुंट. अर्धा पोरगा, अर्धा चाळिशीतला माणूस. प्रज्ञेशने ती बाजू पुसून टाकली. ती पुन्हा तशीच उमटली.

आई खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसली. मग तिने त्याला पोराची बाजू पुसायला सांगितली. त्याने आरसा उलटा लावला आणि पूर्ण चेहरा आला. हनुवटी थेट वडिलांची होती.

"आता कार्यक्रम नको," ती म्हणाली.

प्रज्ञेशने ऐकलं नाही. भंतेजींना सांगून झालं होतं, नातेवाईक यायचे होते. मुख्य म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका चुकीपायी आईने पुन्हा उरलेला जन्म खिडकीत वाट बघत काढावा, हे त्याला सहन होणारं नव्हतं. एकदा कागदावर छापलं की कोडचा संबंध संपला. त्याने तोच चेहरा छापला, फ्रेम करून आणला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला.

रविवारी सकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली. बुद्धमूर्तीशेजारी फ्रेम ठेवून प्रज्ञेशने वरचा कागद काढला.

दाढी केलेली होती.

सगळं चित्र काळ्या रेघांचं. हनुवटीवर कापल्याचा ठिपका तेवढा लाल.

मानेखाली त्याने काहीच काढलं नव्हतं. तिथे पांढऱ्या सदऱ्याची कॉलर होती.

आईने पेटवायला घेतलेली मेणबत्ती खाली ठेवली.

"निघालाय तो," ती म्हणाली. "एक खुर्ची आण."

कॉलरचं वरचं बटण उघडं होतं. प्रज्ञेश खुर्ची घेऊन आला, तेव्हा ते लागलेलं होतं.