पडद्याखालची फरशी

निजामी अमदानीतली गोष्ट. आमच्या औरंगपुऱ्यात भानुवहिनींच्या दिवाणखान्यात शहाबादी फरशी बसली, तेव्हा बघायला सारा मोहल्ला लोटला होता. तसलीच फरशी माझ्याही ओसरीवर होती, पण ती पांढरी पडायची, तिची भुकटी सुटायची. वैशाखातल्या एका दुपारी मी विचारायला गेले, की तुम्ही लावता तरी काय?

निम्मं काम दुसरंच होतं. वहिनींचा श्रीधर कचेरीत कारकून. त्याची बायको प्रमोदिनी आदल्या साली तापानं गेली. कन्नडला राहणाऱ्या माझ्या बहिणीची, साळूची, पोर गोदू. ती श्रीधरसाठी मीच सुचवली होती. "हात लई कामाचा हाय पोरीचा," अशी शेखीही मिरवली होती. सुपारी फोडायची तेवढी बाकी. घर एकदा डोळ्यांखालून घालून साळूला शेवटचा निरोप धाडायचा होता. अन् डोळ्यांखालून घालण्यात मी कुणाला हार जाणारी नाय.

बाहेर ऊन रणरणत होतं. आत वाळ्याच्या ताट्या भिजवून सोडलेल्या, त्यामुळं गार, हिरवट अंधार. ओल्या वाळ्याचा वास, अन् त्याच्याखाली जवसाच्या तेलाचा उग्र दर्प.

"चपला बाहेरच ना, आवडाबाई?"

"पायसुद्धा धुऊन आलेय. नायतर तुम्ही उंबऱ्यावरूनच वाटेला लावाल."

वहिनी हसल्या अन् सांगू लागल्या. "आधी रिठ्याच्या पाण्यानं धुवायची. चिंच, लिंबू अजिबात नाही, दगडाला खातं. खडखडीत वाळली की कोमट जवसाचं तेल चोळायचं, म्हणजे पाणी मुरत नाही, थेंब वरच उभे राहतात. दगड पितो तेवढं पिऊ द्यायचं. वर राहिलेलं तेव्हाच्या तेव्हा नारळाच्या शेंडीनं घासून काढायचं. राहिलं, तर डाग जन्मात जात नाही."

"एवढं घासतं कोण हो?"

वहिनींचं हसू मावळलं. "सरबत आणते," म्हणून त्या उठल्या.

माजघराच्या दाराला जाड पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर. आतून आवाज येत होता. खस्... खस्... मला वाटलं, मोलकरीण असेल. फरशी तर अशी लखलखीत, की मान जरा खाली घातली तर पडद्याखालून माजघर तिच्यात उलटं दिसावं. दुसऱ्याच्या घरात असं बघू नये, एवढं मला कळत होतं. तरी घातली मान.

फरशीत एक बाई दिसली. गुडघ्यांवर वाकलेली, डोईवर पदर. हात गोल गोल फिरत होता. तेवढ्यात वहिनींची पावलं आली. तिच्यापाशी येताच वहिनींनी लुगड्याचा काठ उचलला अन् वळसा घालून पुढं गेल्या. सवयीनं... वाटेत कायमचा पाट पडलेला असावा तशा.

मग मी फरशीतून नजर काढून सरळ पडद्याखाली बघितलं. बाईचे गुडघे टेकलेले दिसायला हवे होते, तिथं नुसती फरशी होती. मोकळी.

वहिनी सरबत घेऊन आल्या तरी माझी मान खालीच. चोरी पकडल्यासारखे कान तापले. पण वहिनींचं तोंड माझ्याहून पडलेलं.

"दिसली?" त्या हळूच म्हणाल्या.

"कोण... कोण ती?"

"आमची प्रमोदिनी."

पेला त्यांनी खाली ठेवला. नजर फरशीवरच.

"तापानं फणफणली होती. पण तेल लावलेलं होतं ना... मी म्हटलं, डाग पडतील, एवढं घासून काढ अन् मग नीज. मी झोपले, आवडाबाई. उठून बघते तर फरशीवरच गेलेली. शेंडी हातात तशीच होती तिच्या..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता रोज म्हणते, पुरे कर. ऐकत नाही. काम अर्धं टाकणारी नव्हती ती. दुसरं कुणी हाताशी आलं, तर सुटेल बिचारी. म्हणून मीच सांगितलं तिला... कन्नडची गोदू येणार आहे."

आतलं घासणं थांबलं.

सरबत तसंच टाकून मी घर गाठलं. संध्याकाळीच कन्नडला माणूस धाडला, लग्न मोडलं म्हणून. कारण काय सांगणार? पडद्याखाली डोकावले म्हणून? मीच सुचवलेल्या घराबद्दल हे कुठल्या तोंडानं बोलू? पत्रिका जुळत नाय, एवढंच कळवलं. शरमेपायी पोरीला सावध करायचं राहिलं, ते राहिलंच.

पुढं साळू स्वतःच आली. मला वाटलं, भांडायला आली. पण ती उंबऱ्यात मटकन बसली.

"अक्का, तिथं काय बघितलंस तू? खरं सांग."

"का गं?"

"गोदू भर दुपारी चुलीपुढं गुडघे टेकून बसते. हात गोल गोल फिरवते. धरला, तर म्हणते, थोडंच राहिलंय..." साळूचा आवाज पार खाली गेला. "शेणानं सारवलेली जमीन ती आमची. पण तेवढ्या जागेवर पाणी सांडलं, तर मुरत नाय गं. थेंब तसेच उभे राहतात. अन् ती जागा रोज थोडी थोडी दाराकडं सरकतीय."