तृप्तीआत्याचे ठिपके

लग्न जुळवताना आता पत्रिकेच्या जोडीला घरातल्या सगळ्यांची पटलपारख, म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मागायची रीत पडली होती. ईराचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या एकट्या राहणाऱ्या तृप्तीआत्यालाही यंत्रापुढे हनुवटी टेकवावी लागली.

"डोळ्यांचा संबंध चष्म्याशी. आठवणींशी कसला?" तिने डॉक्टर उपळेकरांना विचारलं.

"डोळ्यातला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हा खरं तर मेंदूचाच भाग. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचतं, त्याचे ठिपके या पडद्यावरही दिसतात. विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी."

"मग माझ्या?"

"आहेत थोडे. पण आज तुमची स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे. हे पुढचं सांगतोय."

हे शेवटचं वाक्य मात्र घरात कुणी मनावर घेतलं नाही. आजवर प्रत्येक लग्नात कोठीच्या किल्ल्या तृप्तीच्या कमरेला असायच्या. कुठल्या डब्यात काय, हे ती झोपेतही सांगायची. या वेळी त्या भावजयीच्या चुलतबहिणीकडे गेल्या. "ताई, तुम्ही यंदा नुसतं मिरवायचं," म्हणत भावजयीने, क्षितिजाने, तिला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. येणारेजाणारे वाकून, मोठ्याने, आपापली नावं तिला सांगत आणि सटकत. भरल्या मांडवात तिला फार एकटं वाटलं.

मुहूर्त तोंडावर आला आणि अंतरपाट सापडेना. गुरुजींची चुळबूळ सुरू झाली.

"फेट्यांच्या खोक्यात आहे. सकाळी क्षितिजानेच ठेवला, मी पाहिलं," तृप्ती म्हणाली.

"हो गं ताई, हो," भावाने, मंदारने, तिचा खांदा थोपटला आणि तो भलतीकडेच शोधायला धावला.

शेवटी तीच उठली. खोकं उघडून अंतरपाट घेऊन आली.

"अगंबाई, म्हणजे ताईंनीच ठेवला होता," क्षितिजा हळहळून म्हणाली. तिच्या आवाजात खोट नव्हती. "असू दे, त्यांचा काय दोष?"

सगळ्यांनी मायेने माना डोलावल्या. तृप्ती काही बोलणार, तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. मुठीत अक्षता धरून ती सकाळ आठवू लागली. खोकं आठवलं, घडी केलेला अंतरपाट आठवला, तो ठेवणारा हातही आठवला. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

पण हिरव्या बांगड्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्याच बायकांनी भरल्या होत्या. तिनेही.