दुसऱ्यांदा हात लागला तर

माझं काम कवळ्या बनवण्याचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो आणि त्यावर दात बसवतो. दिवसभर चाळीसेक जबडे माझ्याकडे आ वासून बघत असतात. एकही बोलत नाही, म्हणून नोकरी मला आवडते.

घरी मी आणि आई. बाबा आठ महिन्यांपूर्वी घर सोडून गेले. असं आई सांगते. जाताना चपला, चष्मा आणि मी बनवून दिलेली चार दातांची प्लेट मागे ठेवून गेले. बाबांचे वरचे समोरचे खरे चार दात आईच्या मागे धावताना दारावर आपटून पडले होते. बाबांचा हात पहिल्यांदा उठला तेव्हा "चुकून लागला," असं आई म्हणाली होती. पुढे ती काही म्हणायची थांबली आणि मी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसायला लागलो. चांगले महागातले हेडफोन होते. तरी ऐकू यायचं.

बाबा गेले त्याच आठवड्यात आईने व्हीनस फ्लायट्रॅपची, माश्या खाणाऱ्या झाडाची, पहिली कुंडी आणली. पानाच्या टोकाला दोन पाळ्यांचा जबडा, कडेला काटे, आत बारीक केस. आईने सगळा अभ्यास केला. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून बॅटरीत घालतात ते पाणी कॅनने यायला लागलं.

"एकदा केसाला काही लागलं तर मिटत नाही," आईने मला समजावलं. "दुसऱ्यांदा लागलं की मिटतं. एकदा काय, चुकून लागतो हात."

"आणि दुसऱ्यांदा उशिराने लागला तर?"

"पुस्तकात म्हणतात, वीस सेकंदांनी पहिला विसरतं."

पुस्तकात असंही म्हणतात की जबडा अंगठ्याच्या पेराएवढा होतो. आमचे तिसऱ्या महिन्यात तळहाताएवढे झाले, सहाव्यात जेवणाच्या ताटाएवढे. गॅलरीत अकरा कुंड्या. जांभळे, शेंदरी, पिवळ्या कडांचे. मधला सगळ्यात मोठा आतून गुलाबी. हिरड्यांसाठी माझ्याकडे गुलाबीच्या सहा छटा आहेत. हा तिसऱ्या नंबरचा होता. बाबांच्या प्लेटला मी तीच वापरली होती.

आधी माश्या संपल्या. मग पाली. मग गॅलरीत येणारी कबुतरं. एका सकाळी जांभळ्याच्या फटीतून कबुतराचा एक पाय बाहेर होता आणि बोटं अजून उघडझाप करत होती. मी डबा घेऊन कामाला गेलो. डब्यात अंडं होतं. खाल्लं नाही.

रविवारी दुपारी काका आला. बाबांचा धाकटा भाऊ. हात तसाच, फक्त आवाज मोठा.

"माझा भाऊ आठ महिने बेपत्ता आहे, वहिनी, आणि तुम्ही बाग फुलवताय?"

"चहा टाकू का, भावजी?"

"चहा गेला खड्ड्यात! दादा कुठाय?"

त्याने आईला दंडाला धरून गदागदा हलवलं. तिची पाठ कुंड्यांच्या फळीवर आपटली. मी दारात उभा होतो. हेडफोन गळ्यातच होते.

"एक," आई म्हणाली.

"काय एक?"

"काका, सोड तिला," मी म्हणालो. मला ऐकू येईल इतपत आवाजात.

काकाने तिच्या कानाखाली आवाज काढला.

मधली कुंडी त्याच्या हातापासून चांगली दीड फूट लांब होती. नंतर मी टेपने मोजलं. पण हात परत आला नाही. तो गुलाबी जबड्यात होता, मनगटापर्यंत, आणि ऊस मोडल्यासारखा आवाज झाला.

काका ओरडला. मग दुसरं हाड मोडलं आणि तो ओरडायचाही थांबला. रक्त काट्यांवरून ओघळून कुंडीत पडत होतं. एक थेंब बाहेर गेला नाही. मी प्लास्टरची सुरी आणून फटीत घातली. ती चमच्यासारखी वाकली.

"ओढू नका, भावजी," आई म्हणाली. तिच्या गालावर चार बोटं उमटली होती. "हलवलं की जास्त धरतं."

झाडाने सोडलं तेव्हा काकाची दोन बोटं कमी होती.

दवाखान्यात डॉक्टरने जखम धुतली आणि दिवा जवळ ओढला.

"काय चावलं म्हणालात?"

"झाड," मी म्हणालो.

"गंमत नको. हा माणसाचा चावा आहे."

काका भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी वाकून बघितलं. शेवटी धंद्याची नजर. हाताच्या पाठीवर दातांची अख्खी कमान उमटली होती. डावा सुळा तिरका. आणि समोर चार दातांची मोकळी जागा.

सोमवारी लॅबमधल्या कपाटातून बाबांच्या जबड्याचा साचा काढला आणि घरी आणला. चाव्याचा ठसा घ्यायची मेणाची पट्टी गरम करून मधल्या जबड्यात ठेवली. ब्रशने केस एकदा हलवला. दुसऱ्यांदा हलवला. पेशंटला म्हणतो तसं सवयीने म्हणालोही, "हं, चावा आता."

चावलं.

पट्टी साच्यावर ठेवली. खटकन बसली.

आई मागे उभी होती. हातात पाण्याचा कॅन.

"बाबा कुठायत, आई?"

"सोडून गेले."

"खरं सांग!"

मी तिचं मनगट धरलं. जोरात. कॅन खाली पडला. मी कधी असं केलं नव्हतं. माझा हात मला ओळखू आला नाही. बाबांचा मात्र लगेच ओळखू आला.

आईने मनगटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागावली नव्हती.

"एक," ती म्हणाली.

मी हात सोडला. गॅलरीतले अकराच्या अकरा जबडे उघडे होते. मी मनात मोजायला लागलो. वीसपर्यंत पोचलो, वर पाच जास्तीचे मोजले.

"वीस सेकंद झाले, आई."

"ती पुस्तकातली विसरतात रे." तिने कॅन उचलला. "ही नाही विसरत."

मग तिने आत जाऊन बाबांची प्लेट आणली. ओली होती.

"एवढी जरा घट्ट करून दे. त्यांना चावताना सरकते."

तिने प्लेट माझ्यापुढे धरली. घेतली असती तर आमची बोटं एकमेकांना लागली असती.

"टेबलावर ठेव," मी म्हणालो. "तिथून घेतो."