गिचमिडीतलं धान

दोनशे बारा डबे, आणि त्यांतल्या एकातच गाव वाचवणारं धान. पण कुठल्या?

हे कोडं २०६१ सालच्या जूनमध्ये पिंपळबोडीच्या तेरा वर्षांच्या निहिरा लांजेवारपुढे पडलं. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात दोन वर्षं नदीचं पाणी पंधरा-पंधरा दिवस शेतांत तुंबलं आणि धान कुजून गेलं. यंदाही तसंच झालं, तर गाव उठवून दुसरीकडे न्यायचं, असं ग्रामसभेत ठरलं होतं. जुन्या काळी पाण्याखाली तग धरणारं एक धान होतं म्हणे. निहिराची आई सुलभाताई सांभाळत असलेल्या बियाणेघराच्या थंड कोठीत ते असणारच. पण डब्यांवर नुसते नंबर, आणि प्रत्येकात मूठभर बी. सगळं पेरून बघायला ना बी पुरणार होतं, ना वेळ. पऱ्हे (धानाची रोपं) टाकायला आठच दिवस उरले होते.

कुठल्या डब्यात काय, याची यादी १९९७ सालच्या एका फाइलीत होती. गावोगावच्या शेतकऱ्यांना विचारून शिक्षकांनी ती केली होती. बियाणेघराच्या एआय एजंटाने (सांगितलेलं काम स्वतः पायऱ्या ठरवून पार पाडणाऱ्या संगणकी मदतनिसाने) ती उघडली. निहिराने त्याचं नाव तुरतुर ठेवलं होतं, आणि उगीच नव्हतं ठेवलं. पडद्यावर उमटलं ते असं:

¬ÖÖ®Ö £ £ £ ¯ÖÖÞÖß

"फाइल बिघडली आहे," तुरतुर म्हणाला. "न कळणाऱ्या खुणांच्या जागी प्रश्नचिन्हं घालतो आणि स्वच्छ करून जतन करतो."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत!

"थांब रे!" मागून आबाजी कडाडले. आबाजी म्हणजे निहिराचे शहाऐंशी वर्षांचे आजोबा, दिगंबर लांजेवार. तरुणपणी ते भंडाऱ्याच्या एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवायचे. "बिघडली नाही ते. आमच्या वेळची मराठी हाये! प्रश्नचिन्ह घालून जतन केलं, का खालची खूण गेली. मंग ब्रह्मदेव आला तरी परत नाही देत."

"मग तुरतुरला ती वाचता काऊन नाही येत?" निहिराने विचारलं.

"संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, बाई. नुसते आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, ते ठरवा लागते."

अशा ठरवण्याला एन्कोडिंग (अक्षरांना आकडे नेमून देण्याची पद्धत) म्हणतात. आज साऱ्या जगाचा मिळून एकच तक्ता आहे, युनिकोड (प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला वेगळा आकडा देणारी यादी). आबाजींच्या तरुणपणी मात्र ज्याचा त्याचा सवता सुभा होता. मराठी अक्षरांचा साचा बनवणारा जो तो आपल्या मर्जीने आकडे वाटून मोकळा व्हायचा. २१४ हा आकडा एका तक्त्यात डोक्यावर दोन टिंबं असलेला परदेशी 'ओ', तर दुसऱ्यात आपला काना. तुरतुर चुकीचा तक्ता हातात घेऊन वाचत होता, एवढंच. आकडे जिथल्या तिथे शाबूत होते.

"म्हणजे तुरतुरला योग्य तक्ता शोधून देणारं अवजार हवं," निहिरा म्हणाली, आणि ती नि तुरतुर ते बनवायला बसली. नाव ठेवलं 'पडताळ्या'. तो मूळ फाइलीला हातही लावणार नव्हता, फक्त तिच्या नकलेवर काम करणार होता. जुन्या छापखान्यांचे जेवढे तक्ते मिळतील तेवढे तो एकेक करून लावून बघायचा. आता बरोबर तक्ता ओळखायचा कसा? मराठीत काना पदोपदी येतो, 'आहे' आणि 'आणि' ओळीओळीला भेटतात. ज्या तक्त्याने अशी ओळखीची माणसं सगळ्यात जास्त दिसतील, तो खरा. चार दिवस आई जेवायला हाका मारून दमली.

पाचव्या दिवशी सकाळी अकरावा तक्ता लावला आणि पडद्यावर लख्ख मराठी उभी राहिली. निहिरा खुर्चीवर चढून नाचली! फक्त एक खूण काही केल्या सुटेना. ती काही नावांपुढे एकदा होती, काहींपुढे दोनदा. एकशे सदतीस नंबरपुढे मात्र तीनदा.

"ही पौंडाची, म्हणजे इंग्रजांच्या चलनाची खूण," तुरतुर म्हणाला. "किंमत असावी. तसं लिहून टाकतो."

"अंदाज नको. माहीत नाही, तर 'माहीत नाही' असंच लिही," निहिराने बजावलं आणि ती आबाजींना घेऊन आली.

आबाजींनी चष्मा सरसावला. खूण बघितली आणि लहान मुलासारखे लाजले.

"अरे देवा! हे तं माह्यंच काम हाये. यादी आमच्याच छापखान्यात आली होती, अन् शिक्षकांच्या वहीत मासे काढले होते. शेतात मासे पोहतीन एवढं पाणी आलं तरी टिकणारं धान, असा त्याचा अर्थ. एक मासा म्हंजे आठवडा, दोन म्हंजे दहा दिवस, तीन म्हंजे पंधरवडा. साच्यात मासा कुठला असाचा? मी म्हटलं, भंडाऱ्यात पौंड कोण लिहिते? म्हणून तक्त्यातल्या त्याच्या घरात मासा काढून बसवला. आमच्या छापखान्यात सारेच असं करत. कोणाले सांगाचं मात्र राहून गेलं."

छापखाना कधीच बंद पडला होता. तो साचाही गेला होता. अख्ख्या जगात या खुणेचा अर्थ आता एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो निहिराचा आजोबा होता. निहिराचा ऊर अभिमानाने भरून आला.

एकशे सदतीस नंबरच्या डब्यातलं मूठभर बी एका छोट्या बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात) लावलं. ऑगस्टमध्ये पाणी चढलं आणि सोळा दिवस उतरलं नाही. सतराव्या दिवशी सारं गाव बांधावर जमलं. आजूबाजूची शेतं काळी पडली होती आणि मधोमध ती एक बांधी चिखलात माखून हिरवीगार उभी होती. आई आबाजींच्या पाया पडली. त्याच संध्याकाळी ग्रामसभेने ठराव बदलला. गाव उठणार नव्हतं. बी वाढवायला दोन-तीन वर्षं लागतील, तेवढी कळ सगळ्यांनी मिळून काढायची ठरली.

पडताळ्या निहिराने जगातल्या सगळ्या एआय एजंटांसाठी खुला केला, म्हणजे ज्याला त्याला आपल्या भाषेचे शब्द आणि तक्ते त्यात घालता येतील. अकराव्या तक्त्यात माशाची नोंद झाली आणि तिच्यासमोर दिगंबर लांजेवार हे नाव लागलं. दिवाळीपर्यंत आसामपासून तामिळनाडूपर्यंतच्या चाळीस गावांमधून फाइली आल्या. कुठे वैदूंची औषधं, कुठे पुराच्या नोंदी, कुठे विणकरांचे नमुने. प्रत्येकीत कुणीतरी गुपचूप बसवलेली एखादी खूण होतीच.

एका सकाळी निहिरा उठून बघते, तर आबाजी धुतलेला सदरा घालून पडद्यासमोर बसलेले. पडद्यावर आसामातल्या एका छापखान्यात पूर्वी मजकूर जुळवणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या आणि तुरतुर दोघांचं बोलणं एकमेकांच्या भाषेत सांगत होता. बाई हसत हसत कबूल करत होत्या, की त्यांनीही तक्त्यातल्या एका घरात होडी बसवली होती.

"आबाजी, चहा गार होतोय," निहिरा म्हणाली.

"होऊ दे," आबाजी मागे न बघता म्हणाले. "आता मले वेळ नाही. अजून एकोणचाळीस गावं बाकी हायेत."